लवंग घ्या

सोमवारी सकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये एका अनोळखी काकांनी मला लवंग दिली. मी मागितली नव्हती. मी आमच्या ग्रुपमधल्या सावंतांना सोसायटीच्या टाकीचं रामायण ऐकवत होतो, तेवढ्यात समोरून स्टीलची डबी आली. झाकण उघडलेलं, वरचीच लवंग बोटाने पुढे सरकवलेली.

"घ्या."

"नको, चहा घेऊन निघालोय."

"तेच," काका म्हणाले. "चहाने तर अजून वाढतं."

काय वाढतं हे विचारायची सोय नव्हती. ठाण्याला चढलेले दोघे हँडलला लटकून हसू दाबत होते. लवंग घेतली की विषय संपेल म्हणून मी ती घेतली. संपला नाही.

"पोट साफ होतं का?"

त्याच वेळी वरून बाई 'पुढील स्टेशन मुलुंड' म्हणत होत्या. काकांपुढे त्यांचा आवाज पडला.

"होतं."

"रोज?"

"हो."

"एका खेपेत?"

इथे डब्यानेच केस हातात घेतली. चौथ्या सीटवरचा म्हणाला, त्रिफळा चूर्ण, कोमट पाण्यातून. दारातून कोणीतरी 'पायरिया असेल' असं निदान फेकलं. एकाच्या मेव्हण्याची अशीच शुगर निघाली होती. (शुगर फार वाढली की तोंडाला येणारा वास वेगळा असतो, गोडसर. पण मेव्हण्यासमोर कोण बोलणार?) आणि काका स्वतः? त्यांच्या तोंडाला तंबाखू आणि लवंगेचा असा काही संयुक्त दर्प होता, की गुडघ्याला गुडघा लावून बसलेला मी ठाण्यापासून श्वास हप्त्याहप्त्याने घेत होतो. त्यांना मात्र कोणी काही देत नव्हतं. डबी ज्याची, तो डॉक्टर.

आपल्याकडे केस गळण्यापासून पोराचं लग्न न जमण्यापर्यंत सगळं पोटावर ढकलतात. वास्तविक अन्ननलिका एरवी मिटलेलीच असते. दहातल्या आठ-नऊ जणांचा वास तोंडातच तयार होतो, पोट बिचारं फुकट बदनाम. हे मला त्याच संध्याकाळी डेंटिस्टबाईंनी सांगितलं. आधी त्यांनी जीभ बाहेर काढायला लावली, प्लास्टिकच्या चमच्याने अगदी मागून खरवडलं, आणि चमचा चक्क नाकाशी नेला. इतकं शिकून शेवटी हे काम! मी ओशाळून छताकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "हं."

त्या 'हं'चा अर्थ असा. जिभेच्या मागच्या भागावर हवा न लागणारे जंतू राहतात. अन्नातली प्रथिनं फोडून ते गंधकाचे वायू सोडतात. त्यातला हायड्रोजन सल्फाइड म्हणजे सडक्या अंड्याचा. लाळ हे सगळं धूत असते, म्हणून रात्री लाळ आटली की सकाळी तोंडाला वास येतो. माझी लाळ दिवसाही आटलेली, कारण मी ॲलर्जीची गोळी घेतो. गोळी कशासाठी? गर्दीत लोकांच्या अंगावर शिंकू नये म्हणून! ज्या डॉक्टरांनी ती लिहून दिली, त्यांनी तोंड कोरडं पडेल हे सांगायला दोन शब्द खर्चले नाहीत. फी मात्र दर वेळी पूर्ण घेतली. वर प्रवासात पाणी प्यायचं नाही, कारण प्यायलं तर जायचं कुठे? आणि जेवणाच्या डब्यात लसणाची चटणी. तिचा वास रक्तातून फुफ्फुसात जाऊन श्वासावाटे कित्येक तास निघत राहतो, मग घासा दात.

लवंगेने हे झाकतं, जात नाही. माउथवॉशचंही बरंचसं तसंच. लिस्टरिन १८७९ मध्ये अमेरिकेत निघालं ते शस्त्रक्रियेचं जंतुनाशक म्हणून. पुढे १९२० च्या दशकात जाहिरातींनी लोकांना धाक घातला, की तुमच्या तोंडाला वास येतो आणि जवळचे मित्रसुद्धा सांगत नाहीत. धंदा धंद्याच्या जागी, पण मित्रांबद्दलचं खरं आहे. आमच्या ग्रुपमध्ये खिडकी नेहमी मला. "तुम्ही बसा हो खिडकीत," असा आग्रह. मी तो वयाचा मान समजून तोंड आत वळवून गप्पा मारायचो. मंगळवारी सावंतांना प्लॅटफॉर्मवर गाठून थेट विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं?

"तुम्हाला वारा आवडतो ना?" सावंत म्हणाले.

घरी बायको म्हणाली, जेवणानंतर बडीशेप पुढे ठेवते ती उगाच का? म्हणजे सगळे सूचक. स्पष्ट बोलला तो एकटा तंबाखूवाला, आणि तोही सगळ्या डब्यादेखत.

दात साफ करून घेतले. बिल बघून तोंड पुन्हा कोरडं पडलं. गोळी बदलून घेतली, जीभ घासणी आणली, पाण्याची बाटली बाळगतो. आज सावंत मुद्दाम जवळ येऊन बसले, दोन मिनिटं माझं बोलणं लक्ष देऊन ऐकलं आणि समाधानाने म्हणाले, "झकास! आता काही प्रॉब्लेम नाही. उद्यापासून खिडकी आळीपाळीने."