काकूंचे नऊ जण

रामबागेतल्या काकूंचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि मी इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊगल्लीत, भुट्ट्याच्या किसाचा दोना हातात घेऊन उभा होतो.

"तुझं ते कॉम्प्युटरचं शिक्षण काही कामाचं आहे का रे? माझ्या चॅनलचे सबस्क्रायबर मोबाईलवर दिसायला हवेत. मोठ्ठे. चष्म्याशिवाय."

काकूंचा यूट्यूबवर स्वयंपाकाचा चॅनल आहे. ग्वाल्हेरच्या त्यांच्या जावेचाही आहे. खरं कारण ते, पण मला फार उशिरा कळलं.

"दोन तासांचं काम," असं मी म्हणून गेलो. चॅनलचा आयडी द्यायचा, यूट्यूबच्या एपीआयला (बाहेरच्या प्रोग्रॅमना माहिती देणारी त्याची खिडकी) विचारायचं, आलेला आकडा छापायचा. काकूंना आकडा हलताना बघायचा होता, म्हणून दर पाच सेकंदांनी विचारायची सोय केली. जावेचाही आकडा त्याच विचारण्यात मागवला.

अ‍ॅप सुरू करून दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पोह्यांवर शेव पडायच्या आत, फोन. "गेलं तुझं अ‍ॅप!"

हिशेब मांडला. यूट्यूबने दिलेला दिवसाचा कोटा 10,000 युनिटांचा, एका विचारण्याला एक युनिट. पाच सेकंदांनी विचारलं की दिवसाला होतात 17,280. रात्री अडीचच्या आतच कोठार रिकामं. ते पुन्हा भरतं कॅलिफोर्नियात मध्यरात्र झाली की, म्हणजे या दिवसांत आपल्याकडे दुपारी साडेबाराला. हे मी काकूंना सोपं करून सांगितलं.

"रेशनचं दुकानसुद्धा याहून लवकर उघडतं," काकू म्हणाल्या.

मिनिटाला एकदा विचारायला लावलं. दोन दिवस शांततेत गेले. मग दुपारची झोप मोडून त्या स्वतःच घरी आल्या आणि मोबाईल माझ्या नाकासमोर धरला.

"हे 1,230 काय आहे? माझे 1,239 आहेत."

रात्रभर मी कोडमध्ये नऊ माणसं शोधत होतो. पहाटे माहितीपत्रक वाचलं (आधी वाचायचं असतं, मान्य). हजाराच्या वरचा आकडा यूट्यूबचा एपीआय पहिल्या तीन अंकांपुरताच देतो, पुढच्या अंकांची शून्यं करून. 2019 पासून हेच. खुद्द मालकिणीने विचारलं तरी हेच. नेमका आकडा फक्त यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे चॅनलच्या मालकांसाठीच्या पानावर.

"म्हणजे माझे नऊ जण तू खाल्लेस?"

"खाल्ले नाहीत काकू, ते फक्त दिसत नाहीत."

"मला पाठ आहेत ते!" काकूंनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "भिशीतल्या चौघी, चक्कीवाला, त्याचा मुलगा, वरच्या मजल्यावरचे दोघं भाडेकरू. सगळ्यांचे मोबाईल हातात घेऊन मी स्वतः बटण दाबलंय. आणि नववा तू!"

मी गप्प.

"आणि हिचे बघ. 987. एकसुद्धा सांडला नाही!"

हजाराच्या आत आकडा पुरता येतो, हे त्या क्षणी सांगण्यात अर्थ नव्हता. जावेच्या प्रगतीचा विषय निघाला असता.

शेवटी अ‍ॅपमध्ये एक चौकोन करून दिला. स्टुडिओत बघायचं आणि चौकोनात आकडा टाकायचा, की तो मोठ्ठा दिसतो. चष्म्याशिवाय. काकू खूश, मी सुटलो.

काल त्यांच्याकडे गेलो तर पडद्यावर 1,251. स्टुडिओत मात्र अजून 1,239.

"काकू, हे बारा कुठून आले?"

"गणपतीला पाहुणे येणार आहेत ना," काकू मोदकाचं सारण ढवळत म्हणाल्या. "धरलेत आत्ताच."