कांदा, लवचिकता आणि कटिंग

शुक्रवारी कट्ट्यावर परत तेच, कांद्याचा पडलेला भाव. बंट्याचा सोमवारी एफवायचा इकॉनॉमिक्सचा पेपर आणि मागणीची लवचिकता काही डोक्यात शिरेना, म्हणून बिचाऱ्याने विचारलं, तर आमच्या मास्तरला (म्हणजे सच्या, एमबीए करून आल्यापासून साधं वाक्य बोलत नाही) चान्सच मिळाला.

"सिंपल आहे. सप्लाय वाढला, प्राइस पडली. मार्केट फोर्सेस! शेतकऱ्याने क्रॉप स्विच करावं ना." असं म्हणत त्याने हवेत बोटाने दोन तिरक्या रेघा मारल्या, त्यातली एक माझ्या चहात बुडाली.

दिग्या इतका वेळ गप्प होता. त्याचं घर निफाडकडचं, दोन एकर उन्हाळ कांदा. "स्विच म्हणजे काय पंख्याचं बटण वाटलं का रे? एप्रिलात काढलेला कांदा साठवणीच्या चाळीत पडलाय, निम्मा सडायच्या आत विकायचाय. बंट्या, तू इकडं बघ. कांदा निम्म्या भावात मिळाला तर तुझी आई पोह्यात दुप्पट घालते का?"

"नाही."

"आणि डबल झाला तर?"

"थोडा कमी घालते, बडबड जास्त करते."

"झालं, हीच कमी लवचिक मागणी. म्हणून माल थोडा जरी जास्त आला तरी भाव थोडा पडून थांबत नाही, धाडकन आपटतो. पीक जास्त अन् घरात पैसा कमी."

मास्तर: "मग भाव चढतील तेव्हा कमवा की, फ्री मार्केट आहे."

"फ्री? ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के ड्युटी, डिसेंबरात निर्यातबंदीच, लासलगावला लिलाव बंद पडलेले, अन् बंदी उठली कधी तर ४ मे २०२४ ला, आमच्याकडं २० मेला मतदान होतं म्हणून. भाव पडला की मार्केट फोर्सेस, भाव चढला की सरकार फोर्सेस!"

मास्तर म्हणाला, शहरातल्या गरिबाने काय करायचं मग. खरं सांगायचं तर मला ते थोडं पटलं, पण मास्तरच्या तोंडून पटवून घ्यायचं नव्हतं.

तेवढ्यात बंट्या, "आणि संधी खर्च?"

"ते तर ह्या मास्तरलाच विचार," दिग्या पेटलाच, "बारावीत माझी स्प्लेंडर त्र्यंबकला घेऊन गेला, संध्याकाळपर्यंत पत्ता नाही, माझा ताईच्या साखरपुड्याचा मुहूर्त हुकला. जे हुकलं तो संधी खर्च. टाकी रिकामी आणून दिली ते वेगळं!"

"अरे सहा वर्षं झाली!"

"व्याज लावलं नाही अजून."

हसून हसून ठसका लागला. काकांनी कटिंग दहाचा बारा केलाय गेल्या आठवड्यात, तरी आमचे नेहमीचे चारच्या चार ग्लास आलेच. बंट्या एकदम ओरडला, "म्हणजे चहाची पण मागणी कमी लवचिक!"

काका गाळणी आपटत म्हणाले, "मागणीचं जाऊ दे, तुमची उधारी लई लवचिक झालीय, ती बघा आधी. आज कोणाची पाळी?"

मास्तरला अचानक फोन आला.