पोटाचं डायलिसिस आणि संसर्गाची भीती: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप असा की, घरी पोटाचं डायलिसिस (किडनी निकामी झाल्यावर पोटात औषधी पाणी सोडून त्यातून रक्तातली घाण काढायची पद्धत) सुचवणं म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण. मशीनवर डायलिसिस करणाऱ्या सेंटरवर निदान शिकलेली माणसं तरी असतात. शिवाय मूळ लेखात पेरिटोनायटिस, म्हणजे पोटाच्या आतल्या अस्तराचा संसर्ग, एका वाक्यात उरकलाय, हेही तुम्ही दाखवून दिलंत. हा दुसरा मुद्दा पूर्ण मान्य. तेवढं वाक्य खरोखर अपुरं होतं.

मग संसर्ग शिरतो कुठून ते पाहू. हाताने करायच्या पद्धतीत, म्हणजे सीएपीडीत, दिवसाला साधारण 4 वेळा 2 लिटर पाणी बदलतात. एका बदलाला अर्धा-पाऊण तास जातो, पण खरा धोका त्यातल्या काही सेकंदांचाच असतो: टोपी काढून ट्रान्सफर सेट (पोटात बसवलेल्या नळीला, म्हणजे कॅथेटरला, जोडलेली बाहेरची छोटी नळी) पिशवीच्या नळीला जोडेपर्यंत, आणि शेवटी नवी टोपी बसवेपर्यंत. उघड्या टोकाला बोट, कपडा, काहीच लागता कामा नये. खिडकी आणि पंखा बंद, तोंडाला मास्क, हात धुऊन पूर्ण कोरडे. कोरडे यासाठी की ओल्या हातावरून जंतू सहज पसरतात. पोटातलं पाणी निघालं की नव्या पिशवीतलं थोडं पाणी आधी निचऱ्याच्या पिशवीत सोडायचं, मगच पोटात. त्याने नळीतली हवा निघते आणि जोडताना शिरलेले जंतूही वाहून जाऊ शकतात. घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते.

टोकाला हात लागलाच तर पुसून पुढे जायचं नाही. क्लॅम्प बंद, नवी टोपी, पोटात थेंबही न सोडता युनिटला फोन. तिथे सेट बदलतात आणि गरज असेल तर प्रतिजैविक देतात.

निचऱ्याची पिशवी रोज छापील कागदावर ठेवून पाहावी. पलीकडची अक्षरं वाचता आली पाहिजेत. पाणी गढूळ दिसलं किंवा पोटात दुखायला लागलं, तर सकाळची वाट पाहू नका आणि ती पिशवी फेकू नका, सोबत न्या. त्या पाण्यात एका मायक्रोलिटरमागे 100 पेक्षा जास्त पांढऱ्या पेशी आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) असतील तर पेरिटोनायटिस धरतात. प्रतिजैविक बहुधा पोटातल्या पाण्यातूनच देतात. लवकर पकडलेला संसर्ग बहुतेक वेळा बरा होतो. अंगावर काढला तर कॅथेटर काढावा लागू शकतो.

आता सेंटरचं. मशीनवरच्या डायलिसिसलाही संसर्ग चुकलेला नाही. मानेतल्या शिरेत बसवलेल्या कॅथेटरमधून शिरलेले जंतू थेट रक्तात जातात. फिस्टुला (हातातली धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडून केलेली जागा) त्याहून कितीतरी सुरक्षित, पण तो तयार व्हायला काही आठवडे ते काही महिने लागतात, आणि अनेकांचा फिस्टुला वेळेत झालेलाच नसतो. त्यामुळे तुलना करताना ‘सेंटर’ एवढंच म्हणून भागत नाही, रक्त कुठून घेणार हेही सांगावं लागतं. आठवड्यातून 3 वेळा डायलिसिस असेल तर एकदा दोन दिवसांचं अंतर पडतं, त्यात पाणी आणि पोटॅशियम साठतं. पोटाचं डायलिसिस रोज चालतं, म्हणून पोटॅशियमचं पथ्य सहसा सैल असतं. उलट रोज काही ग्रॅम प्रथिनं पाण्यातून निघून जातात, ती आहारातून भरून काढावी लागतात. हेही मूळ लेखात हवं होतं.

तुमची काळजी काही रुग्णांच्या बाबतीत अगदी योग्य आहे. मोठ्या शस्त्रक्रियांनंतर पोट आतून चिकटलेलं असेल, हर्निया दुरुस्त केलेला नसेल, नजर किंवा हात साथ देत नसतील आणि मदतीला कुणी नसेल, तर सेंटरच बरं. पाणी नीट निघत नाही, एवढ्यावरून मात्र ही पद्धत सोडू नका. पुष्कळदा कारण साधी बद्धकोष्ठता असते आणि पोट साफ झालं की निचरा सुरू होतो.

घरी सोडण्याआधी रुग्णाकडून किंवा मदतनिसाकडून नर्ससमोर, कुणी मध्ये काही न सांगता, पाण्याचा अख्खा बदल करून घ्यावा, आणि ‘टोकाला हात लागला, आता काय?’ हेही कृतीने दाखवायला लावावं. तिथे अडखळले तर शिकवणी आणखी काही दिवस वाढवायला सांगा.