"मी शिकतेय अजून, काकू"

सकाळपासून लिहू की नको असं चाललंय. आता नातू झोपलाय म्हणून बसले. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

आज त्याला शाळेत सोडायला मी गेले, सुनेची मीटिंग होती म्हणून. शाळा म्हणजे प्ले ग्रुप. नाव लिहिणार नाही, लिहून उपयोगही नाही, गल्लोगल्ली हेच आहे. दारात तीन वर्षांचं एक पोर चौकटीला दोन्ही हातांनी धरून भोकाड पसरून बसलेलं. आणि एक मुलगी, असेल एकोणीस-वीसची, त्याची बोटं एकेक करून सोडवत होती. एक सुटलं की दुसरं घट्ट. मागे खोलीत पंचवीसेक मुलं. एकाची चड्डी ओली झालेली, दोघं त्याला बघून हसतायत, एक टेबलावर चढलेला. शेवटी तिने त्या पोराला कमरेला धरून उचललं, त्याने तिच्या दंडाला कडकडून चावा घेतला आणि तिने हात उगारला. मारलं नाही. हात तसाच वर राहिला आणि ती स्वतःच रडायला लागली.

बाहेर उभ्या आयांपैकी एकीने मोबाइल काढला. मी म्हटलं, ठेव तो आत. जरा जोरातच म्हटलं.

साडेअकराला आणायला गेले तेव्हा ती पायरीवर बसली होती. दंडावर दातांचे वळ. मी काही बोलायच्या आधीच म्हणाली, "मी शिकतेय अजून, काकू." कोणाकडे शिकतेस विचारलं तर गप्प. मोठ्या टीचर ऑफिसात ॲडमिशनचं बघतात. वर्गात ही एकटी. चार महिने झाले, पगार नाही, वर्ष पूर्ण केलं की अनुभवाचं पत्र मिळणार आहे म्हणे. त्याआधी एक कोर्स केलाय, त्याची फी आईने बचत गटातून कर्ज काढून भरली. कोर्सचे व्हिडिओ मोबाइलवर. काय शिकवलं विचारलं तर काठीच्या बाहुल्या, फळ्याची सजावट आणि पियाजे नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सांगितलेले मुलांच्या बुद्धीच्या वाढीचे टप्पे. दारात बसलेल्या मुलाचं काय करायचं, ते होतं का त्यात? "ते नव्हतं."

नसणारच. ते व्हिडिओवर येत नाही.

मला कसं माहीत, तर माझ्याही हातावर असाच चावा पडलाय. १९९१ चा जून. बारावी होऊन वर्ष झालं होतं आणि मी आमच्या देवळाच्या ओवरीत भरणाऱ्या बालवाडीत बाईंच्या हाताखाली जायला लागले होते. बाई कोसबाडला, ताराबाई मोडकांच्या बालशिक्षण केंद्रात, राहून शिकून आलेल्या. आडव्या बांध्याच्या, आवाज मात्र एकदम मऊ. पहिल्याच आठवड्यात एक मुलगा दारात बसला. मला वाटलं, मी नवी आहे, मी काहीतरी करून दाखवायला हवं. ओढला त्याला आत. चावला. मी ओरडले, तो ओरडला, आतली सगळी ओरडायला लागली.

बाई काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी एक टोपली चिंचोके घेऊन दारात त्याच्यापासून हातभर अंतरावर बसल्या आणि चिंचोके निवडायला लागल्या. मोठे इकडे, बारके तिकडे. त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तीन दिवस हेच. आत वर्ग मी घेतला, म्हणजे सांभाळला कसाबसा. चौथ्या दिवशी त्या मुलाने एक चिंचोका उचलून बारक्यांच्या ढिगात टाकला. बाईंनी तो उचलून मोठ्यांत टाकला. त्याने परत बारक्यांत टाकला. बाई म्हणाल्या, "असं होय, बरं." आणि टोपली उचलून आत गेल्या. मागोमाग तो.

आता सांगा, हे कुठल्या पीडीएफमध्ये बसवायचं? तीन दिवस त्याच्याकडे *न बघणं* कसं शिकवायचं? मी शिकले, कारण मी तिथे होते आणि माझ्या हाताला चावा होता.

आपल्याकडे याला शब्द आहे. उमेदवारी. हल्ली उमेदवारी म्हटलं की निवडणूकच आठवते, पण आमच्या आजोबांच्या तोंडी हा शब्द शिंप्याकडे, सोनाराकडे, वकिलाकडे शिकायला राहण्याचा होता. आणि सरकारला तो माहीत आहे बरं का. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा आहे. फिटर, टर्नर, वायरमन यांना कारखान्यात शिकताना विद्यावेतन मिळतं. २०१६ पासून तर केंद्राची योजनाच आहे, त्या विद्यावेतनातला पाव हिस्सा, महिना १,५०० रुपयांपर्यंत, सरकार भरतं. छान आहे, माझा भाचा त्यातूनच उभा राहिला. लेथ मशीनजवळ नवख्याला एकटं सोडत नाहीत, बोटं जातील म्हणून. पंचवीस तीन-तीन वर्षांच्या मुलांजवळ मात्र सोडतात. तेही फुकट!

आणि पैसे नाहीत हे मला सांगू नका. २०२४ मध्ये आपल्याच राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये महिना, सहा महिने, थेट खात्यात. निवडणुकीच्या तोंडावर काढली, मान्य. त्यातल्या कितीतरी मुलांना कचेरीत नुसतं बसवून ठेवलं अशा तक्रारी होत्या, तेही मान्य. पण शिकणाऱ्याच्या खात्यात सरकारी पैसे टाकता येतात हे तर दिसलं ना? मग बालवाडीत, अंगणवाडीत जाणत्या बाईच्या शेजारी वर्षभर बसून शिकणाऱ्या मुलीला तेवढेच द्या की. सहा महिन्यांत चिंचोके निवडून होत नाहीत, वर्ष लागतं. जूनचं रडणं, दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा नव्याने होणारं रडणं, मार्चमध्ये एकदम शहाणी झालेली मुलं, हे एक पूर्ण चक्र बघायला नको का?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये लिहिलंय की मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते. हे वाक्य प्रत्येक भाषणात असतं, पाठ झालंय. त्याच धोरणात अंगणवाडी सेविकांसाठी काय आहे? बारावी झालेल्यांना सहा महिन्यांचं प्रमाणपत्र, त्याहून कमी शिकलेल्यांना वर्षाची पदविका. आणि ती शिकायची डीटीएचवर आणि स्मार्टफोनवर. महिन्यातून किमान एक संपर्क वर्ग. एक! ८५ टक्के मेंदू आणि महिन्यातून एक वर्ग. पुढे मार्गदर्शनाची व्यवस्था, व्यावसायिक शिक्षक वगैरे शब्दही आहेत, "दीर्घकाळात" या शब्दाखाली. माझा नातू दीर्घकाळ तीन वर्षांचा राहणार नाही.

थांबा, चहा ठेवते.

हं. परत वाचलं, जरा चिडून लिहिलंय. पण खोडत नाही.

एक गोष्ट मात्र नीट सांगायला हवी, नाहीतर अंगणवाडीतल्या माझ्या मैत्रिणींना वाटेल मी त्यांच्यावर घसरले. त्यांच्यावर कसली घसरते मी! वजन करा, उंची मोजा, आहार वाटा, पोषण ट्रॅकर नावाच्या सरकारी ॲपवर भरा, रेंज नसेल तर गच्चीवर जाऊन भरा, लसीकरणाला मुलं गोळा करा, वर मतदारयादीचं काम. त्यातून वेळ उरला तर गोष्ट सांगा. केंद्राने २०१८ मध्ये सेविकेचं मानधन महिना ४,५०० रुपये ठरवलं, त्यात राज्य आपली भर घालतं. आणि ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य व्हायला २०२२ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. मानधन म्हणे. मान कुठे आणि धन कुठे.

तर अशा सेविकेच्या हाताखाली एक शिकाऊ मुलगी वर्षभर असेल तर तिलाही हात मिळेल. आणि शिकवण्याचे वेगळे पैसे त्या सेविकेलाही द्यायचे, हे कोणी बोलतच नाही. बाई मला शिकवायच्या त्याचे त्यांना कोणी चार आणे दिले नाहीत. वर्ग संपल्यावर ओवरी झाडता झाडता त्या विचारायच्या, "आज कोण कोणाशेजारी बसलं होतं?" मला आठवायचं नाही. महिनाभरात आठवायला लागलं. दोन महिन्यांनी मी न विचारता सांगायला लागले की अमकी आज कोणाशीच बोलली नाही. हे शिकवणं नाही तर काय आहे?

ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात न्यायची म्हणून. अंगणवाडी हा शब्द तिथला आहे, दिल्लीहून १९७५ ची योजना यायच्या कितीतरी आधीचा. आणि अनुताई वाघ? त्या ताराबाईंकडे आल्या तेव्हा काही कोऱ्या नव्हत्या, शिक्षिकाच होत्या. तरी शिकल्या त्या ताराबाईंच्या बरोबरीने काम करत, आधी बोर्डी, मग कोसबाड, १९७३ ला ताराबाई गेल्या तोवर. आपण दोघींचे फोटो लावतो, जयंतीला हार घालतो. त्यांनी माणसं कशी घडवली ते मात्र सोयीस्कर विसरतो.

आता कमेंटमध्ये कोण काय म्हणणार ते मला माहीत आहे.

"लहान मुलं सांभाळायला कसलं प्रशिक्षण, बायकांना उपजतच येतं." मी दोन मुलं वाढवली, आता नातू. उपजत काही येत नाही. उपजत आलं असतं तर मला चावा बसला नसता आणि आज त्या पोरीलाही बसला नसता.

"विद्यावेतन ठेवलं की नुसत्या पैशासाठी येतील." येतील काही. येऊ देत. बँकेत काय सगळे कर्जदारांच्या प्रेमापोटी येतात?

"शाळावाले सरकारी पैशात फुकट राबवून घेतील." हे मात्र खरं आहे, याला माझ्याकडे चटकन उत्तर नाही. एका जाणत्या बाईमागे एकच उमेदवार आणि तिला वर्गात एकटीला सोडायचं नाही, एवढा नियम तरी हवाच. पाळतील का? आपला अनुभव तुम्हाला ठाऊक आहे. पण आजही फुकटच राबवतायत ना. निदान तिच्या आईचं कर्ज तरी फिटेल.

बाकी एक सांगायचं राहिलंय. सकाळपासून तेच घशाशी येतंय.

मी बालवाडीत शिक्षिका झाले नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. तीस वर्षं पतसंस्थेत काढली. कोणी विचारलं तर मी हसून सांगते, "मला आकडे आवडायचे." खोटं आहे ते. १९९२ च्या फेब्रुवारीत वडिलांची गिरणी सुटली, घरात धाकटे दोघं शिकणारे. बाईंकडे मला एक पैसा मिळत नव्हता, त्या तरी कुठून देणार होत्या? पतसंस्थेत ६०० रुपये होते. बाईंना सांगायला गेले तेव्हा त्या मणी ओवत होत्या. म्हणाल्या, "मार्चपर्यंत थांबली असतीस तर वर्ष पुरं झालं असतं गं." रागावून नाही, अगदी साधं म्हणाल्या. मी थांबले नाही. थांबण्यासारखं नव्हतंच.

मला आकडे आवडत नाहीत. पिग्मीच्या पावत्या जुळवताना कितीदा वाटायचं, आत्ता तिकडे डबा खायची वेळ झाली असेल.

म्हणून आज त्या मुलीचं "मी शिकतेय अजून" ऐकून मला जे झालं, ते नुसतं सामाजिक प्रश्न वगैरे नव्हतं. ती सोडणार आहे. दिवाळीपर्यंत सोडेल. कोणत्या तरी मॉलमध्ये नाहीतर कुरिअरच्या ऑफिसात आठ-दहा हजारांवर जाईल आणि तिच्या जागी दुसरी एकोणीस वर्षांची येईल, नवा दंड घेऊन. ती सोडेल तेव्हा सगळे म्हणतील, आजकालच्या मुलींना चिकाटी नाही.

असो. मघाशी तिचा मेसेज आला. निघताना मी तिला नंबर दिला होता आणि चिंचोक्यांची गोष्ट घाईघाईत सांगितली होती. विचारतेय, "काकू, चिंचोके कुठे मिळतील? आणि तीन दिवस दारात बसले तर आतल्या मुलांकडे कोण बघेल?"

दुसऱ्या प्रश्नाला उत्तर म्हणून मीच जाणार आहे, सोमवार ते बुधवार. शाळेच्या मालकीणबाईंना विचारलं नाहीये, दारात गेल्यावर विचारीन. पहिल्याचं तुम्ही बघा. आमच्या इथल्या दुकानात सगळी चिंच बिया काढून पाकिटात येते. कोणाच्या गावी झाड असेल तर डबाभर ठेवा माझ्यासाठी. मोठेही हवेत, बारकेही.