चौथी गोळी घरबसल्या कशी शोधावी

परवा भाचीच्या साखरपुड्याला जेवायला माझ्या शेजारी आमचे एक लांबचे काका बसले आणि मठ्ठा येईपर्यंत त्यांनी गांधीखुनाचा अख्खा तपास लावून टाकला: बापू नथुरामच्या तीन गोळ्यांनी नाही, दुसऱ्याच कुणीतरी झाडलेल्या चौथ्या गोळीने गेले म्हणे. इतकं सोपं असेल तर तुम्हीच का मागे राहताय? घ्या टिप्स.

पहिलं म्हणजे फोटो लागतो. काकांच्या फोनमध्ये होता, दोन बोटांनी मोठा करून करून दाखवत होते, बोटांना श्रीखंड, त्यामुळे बापूंच्या कपाळावर पिवळा डाग. ‘पिस्तुलाचा अँगल बघ की जरा!’ आता गोळी झाडतानाचा खरा फोटोच नाहीये, हा फिरतोय तो 1963 च्या एका इंग्रजी सिनेमातला आहे, पण असलं बोलून रंगाचा बेरंग करायचा नसतो. मी केला. तर म्हणे, ‘तू लय शिकलेली!’

दुसरं, बेरीज करू नका. सात गोळ्यांचं पिस्तूल, चार शिल्लक सापडल्या, तीन झाडल्या, हे पहिलीतल्या पोरालाही जमतं, म्हणूनच टाळायचं.

तिसरं, गांधीखुनाच्या कटाची चौकशी करणाऱ्या कपूर आयोगाचं नाव घ्या, अहवाल उघडू नका.

चौथं, आरोपीचं अजिबात ऐकू नका. ही टिप महत्त्वाची. नथुराम जागेवरच पकडला गेला, लाल किल्ल्यातल्या कोर्टात मीच मारलं म्हणाला, शिक्षा झाल्यावर अपील केलं ते फक्त कटाच्या मुद्द्यावर, खुनाच्या शिक्षेवर केलंच नाही, म्हणजे ज्याने घोडा दाबला त्याची तक्रार नाही आणि इकडे सत्तर वर्षांनी श्रीखंड खाणारा माणूस म्हणतो की नाही नाही, झाडीतून दुसऱ्याच कुणीतरी मारली. बरं, 2017 ला मुंबईतून फेरतपासाची याचिकाही गेली ना सुप्रीम कोर्टात, कोर्टाने न्यायमित्र, म्हणजे कोर्टाला मदत करणारे वकील, नेमले, त्यांनी जुने कागद चाळले आणि चौथ्या गोळीला पुरावा नाही म्हणून सांगितलं, मार्च 2018 ला याचिका फेटाळली. हे काकांना सांगितलं. उत्तर काय? ‘बघ, कोर्टपण सामील!’ आता यावर काय बोलायचं सांगा, पुरावा नसला की तो दाबलाय, असला की तो बनावट, आणि फॉरवर्ड मात्र अस्सल.

पाचवं, वाढप्याला परत बोलवा, पुरी संपलीय.

जाऊ दे, टिप्स बास. शंका घ्यायचीच असेल तर जिथे खरंच घ्यायला जागा आहे तिथे घ्या ना! 20 जानेवारी 1948 ला बिर्ला हाउसमध्ये बॉम्ब फुटला, मदनलाल पाहवा तिथेच सापडला, त्याच्या जबानीत एका मराठी पेपरच्या संपादकाचा उल्लेख आला. मुंबईत रुईया कॉलेजच्या प्रोफेसर जैनांनी दुसऱ्याच दिवशी मुंबई सरकारचे प्रमुख खेर आणि गृहमंत्री मोरारजींना जाऊन कटाबद्दल सांगितलं. बॉम्बपासून खुनाच्या 30 तारखेपर्यंत दहा दिवस होते. दहा! संपादक, पुणं, पेपर, एवढं हातात असून तोच संपादक, म्हणजे नथुराम, ग्वाल्हेरला जाऊन पिस्तूल घेऊन प्रार्थनेच्या गर्दीत येऊन उभा राहतो. या दहा दिवसांबद्दल काकांनी एक फॉरवर्ड आजपर्यंत पाठवलेला नाही. का पाठवतील? त्यात पुण्याचं नाव येतं, आपल्यातल्यांचं नाव येतं, आणि नको तिथे वाचावं लागतं. चौथी गोळी बरी, ती कुणाचीच नसते.

आमच्या आजीसमोर अठ्ठेचाळीस सालाचं नाव काढलं की ती उठून आत जायची. त्या वर्षी खुनानंतर, नथुराम ब्राह्मण म्हणून, महाराष्ट्रात ब्राह्मणांची किती घरं जळली, त्यातलं एक तिचं होतं. काकांचंही होतं. तरी हा माणूस सिनेमातल्या नटाच्या हाताचा अँगल मोजतोय.

लाज वाटू द्या हो काका जरा. आणि तो फोटो डिलीट करा, आत्ता, माझ्यासमोर. नाही, हात नंतर धुवा.