१७ नंबरचा फॉर्म आणि एपीची परीक्षा

पुण्यातील माझ्या मावसभावाने मुलाला शाळेतून काढून घरीच शिकवायचे ठरवले, याचा मला मनापासून आनंद झाला. त्या निर्णयासोबत त्याने जे मत मांडायला सुरुवात केली आहे, ते मात्र मला अजिबात पटत नाही, आणि प्रत्येक फोनवर ते पुन्हा ऐकावे लागत असल्यामुळे आता सविस्तर लिहिणे भाग आहे. त्याचे म्हणणे असे, की महाराष्ट्रात शाळेबाहेरच्या मुलाला १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे राज्य मंडळाच्या दहावी-बारावीला खाजगीरीत्या बसण्याचा अर्ज, भरून नापासांच्या रांगेत बसावे लागते, उलट अमेरिकेत घरी शिकणारी मुले थेट कॉलेजच्या पातळीची एपी (अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) परीक्षा देतात आणि ‘तुझी शाळा कोणती’ असे त्यांना कोणी विचारत नाही. म्हणून तो मुलाला दहावीला बसवणारच नाही. पुढे एखाद्या आंतरराष्ट्रीय शाळेच्या केंद्रावरून एपी देववेल. घरातल्या बऱ्याच जणांना हे पटले आहे, कारण अमेरिकेचे नाव घेतले की आपल्याकडे पुढचा प्रश्न विचारला जात नाही.

मी व्हर्जिनियात राहते, माझी मुलगी घरी शिकते आणि तिच्या एपीची नोंदणी मीच करते. ‘शाळा कोणती’ हाच इथला पहिला प्रश्न असतो. एसएटी या कॉलेज-प्रवेश परीक्षेसाठी कॉलेज बोर्डाच्या (एसएटी आणि एपी दोन्ही घेणाऱ्या संस्थेच्या) संकेतस्थळावर खाते उघडून, पैसे भरून, जवळचे केंद्र निवडता येते. एपीचेही तसेच असेल असे भावाने गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात एपीची परीक्षा कुटुंबाला मागवता येत नाही, ती शाळाच मागवते. शाळेतील एपी समन्वयकाने ‘फक्त परीक्षा’ देणाऱ्यांचा वेगळा गट उघडून त्याचा जॉइन कोड दिल्याशिवाय घरी शिकणाऱ्या मुलाचे नाव कुठेच लागत नाही. तो कोड द्यायचा की नाही, हे ती शाळा ठरवते. बाहेरच्या मुलांना सामावून घेण्याची सक्ती कॉलेज बोर्ड कोणत्याही शाळेवर करत नाही. समन्वयकाला अंतिम मागणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत नोंदवायची असते, शाळेची स्वतःची मुदत बहुधा त्याआधीच संपते, आणि म्हणून मे महिन्यातील परीक्षेसाठी पालकाला सप्टेंबरातच शाळांची दारे ठोठवावी लागतात. २०२५ मध्ये एका विषयाचे शुल्क ९९ डॉलर होते. मुदत उलटली तर दर विषयामागे आणखी ४० डॉलर भरावे लागतात, आणि पर्यवेक्षकाच्या खर्चापोटी शाळा त्यावर स्वतःची रक्कमही लावू शकते. अमेरिकेबाहेर मूळ शुल्कच याहून जास्त आहे, हे भावाने हिशेबात धरलेले नाही.

व्हर्जिनियात येण्यापूर्वी आम्ही ज्या राज्यात होतो, तिथे मी आसपासच्या शाळांना पत्रे लिहीत बसले होते. उत्तरे त्याच दिवशी येत, नम्र असत आणि नकाराची असत. (हे मात्र कबूल केले पाहिजे, की नकारसुद्धा इथे वेळेवर आणि लेखी मिळतो, सांगलीत साध्या दाखल्यासाठी ‘उद्या या’ ऐकण्यात माझ्या वडिलांची कितीतरी दुपार वाया गेलेली मी पाहिली आहे.) कोणाच्या सभागृहात जागा नव्हती, कोणाला बाहेरच्या मुलांची जबाबदारी नको होती. एक समन्वयक बाई भल्या होत्या. त्या रसायनशास्त्राला मुलीला घ्यायला तयार झाल्या, पण जीवशास्त्राची एपी त्यांच्या शाळेत त्या वर्षी कोणीच देत नव्हते, तेव्हा एका मुलीसाठी चार तास वेगळी खोली आणि वेगळा पर्यवेक्षक त्या कुठून आणणार होत्या? त्यांची अडचण खरी होती. पण मुलीने वर्षभर अभ्यास केलेला विषय अशा कारणाने सुटला, आणि दाद मागायला जागा नव्हती, कारण कोणताही नियम मोडलेला नव्हता.

व्हर्जिनियात नियम आहे. येथील कायद्याप्रमाणे घरी शिकणाऱ्या मुलांना एपी, तसेच पीएसएटी आणि प्रीएसीटी या कॉलेज-प्रवेशाच्या पूर्वतयारीच्या परीक्षा उपलब्ध करून देणे हे स्थानिक शिक्षण मंडळांचे कर्तव्य आहे. नोंदणीची तारीख सांगणारे लेखी धोरण त्यांनी ठेवले पाहिजे, आणि ती तारीख व गरजू मुलांसाठीच्या आर्थिक साहाय्याची माहिती कुटुंबांना कळवली पाहिजे. टेक्साससारख्या, गृहशिक्षणावर जवळजवळ कसलीच देखरेख न ठेवणाऱ्या राज्यातही, मूल ज्या जिल्ह्याच्या शाळेत जाण्यास पात्र आहे त्या जिल्ह्याने त्याला एपीला बसू दिले पाहिजे, असे शिक्षण संहितेत लिहिलेले आहे. जिथे असे काही लिहिलेले नाही, तिथे मुलाची परीक्षा एखाद्या समन्वयकाच्या सवडीवर अवलंबून राहते. ‘अमेरिकेत असे असते’ या वाक्याला म्हणूनच काही अर्थ नाही. आणि मोकळीकही भावाला वाटते तेवढी नाही: दर वर्षी १५ ऑगस्टपर्यंत घरी शिकवत असल्याची लेखी सूचना आणि विषयांची यादी मी द्यायची, आणि वर्षअखेरीनंतर १ ऑगस्टपर्यंत मुलीच्या प्रगतीचा पुरावा द्यायचा, हा व्हर्जिनियाचाच कायदा आहे.

आता १७ नंबरच्या फॉर्मकडे पाहू. माझी आत्या सातवीनंतर घरी बसली, तिचे लग्न झाले, मुले झाली, आणि धाकटा शाळेत जाऊ लागल्यावर तिने १७ नंबर भरला. दुपारची धुणीभांडी आटोपून ती माझीच जुनी पुस्तके घेऊन माजघरात बसे आणि भूमितीच्या प्रमेयांना दम देत पाठ करी. तिचे प्रवेशपत्र आले तेव्हा ते आधी देवापुढे ठेवले गेले आणि मग घरातल्या प्रत्येकाच्या हातातून फिरले; त्यावर तिचा फोटो होता, बैठक क्रमांक होता आणि तासगावच्या केंद्राचे नाव होते. त्या केंद्रावर जागा मिळावी म्हणून तिला कोणा मुख्याध्यापकांची विनवणी करावी लागली नाही. फॉर्म भरला होता, पात्रता होती, तेव्हा तिला केंद्र देणे हे मंडळाचे काम होते आणि मंडळाने ते केले. एसटीने जाऊन तिने सगळे पेपर दिले, पास झाली, आणि पुढे अंगणवाडीत नोकरीला लागली. भाऊ ज्यांना नापासांची रांग म्हणतो, त्या रांगेत माझी आत्या होती. त्या रांगेत शेतावर राबणारी मुले असतात, लग्न होऊन शाळा सुटलेल्या मुली असतात. त्यांच्या शेजारी बसल्याने त्याच्या मुलाचे काय कमी होणार आहे, हे त्याने मला सांगावे.

मंडळाच्या व्यवस्थेत दोष नाहीत असे मी म्हणत नाही. फॉर्मसोबत शाळा सोडल्याचा दाखला लागतो. मूळ दाखला नसेल तर द्वितीय प्रत आणि प्रतिज्ञापत्र. म्हणजे मूल केव्हातरी शाळेत गेले असेलच, असे मंडळ धरून चालते, आणि जन्मापासून घरीच शिकलेल्या मुलाचे आईवडील या एका कागदापाशी अडतात. हा दोष दूर व्हायला हवा आणि त्यासाठी आवाज उठवायला हवा. पण दोष असलेला हक्क आणि हक्कच नसणे यांत जो फरक आहे, तो मी त्या नकाराच्या पत्रांत पाहिला आहे.

भावाचे हुकमी उदाहरण म्हणजे मुंबईची ती मुलगी, जिने शाळा सोडली, घरी अभ्यास केला आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळवला. त्या मुलीचे कर्तृत्व फार मोठे आहे. पण तिला ते दार उघडून दिले ते आंतरराष्ट्रीय संगणकशास्त्र ऑलिंपियाडमधल्या तिच्या पदकांनी, आणि आयआयटीचे दार बंद राहिले ते बारावीचे प्रमाणपत्र नव्हते म्हणून. या उदाहरणावरून दहावी-बारावी टाळावी असा निष्कर्ष कसा निघतो? एपी हे शाळा पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र नाहीच. एकेका विषयात १ ते ५ पैकी एक अंक मिळतो, इतकेच. इथल्या विद्यापीठांना तो अंक हवा असतो, कारण आमच्या मुलांची गुणपत्रिका आम्ही आईवडीलच तयार करतो, आणि आईने दिलेल्या ‘ए’वर किती विसंबायचे हे त्यांना कळत नाही. भारतात पॉलिटेक्निकपासून सरकारी भरतीपर्यंत जो कागद मागतात तो दहावीचा, आणि रसायनशास्त्रातला ५ त्याची जागा घेऊ शकत नाही.

मंडळाबद्दल कोणी तुच्छतेने बोलले की मला ते लागते, आणि त्यामागचे कारण केवळ शैक्षणिक नाही. इथे घरी शिकवणाऱ्या कुटुंबांचा आमचा जो गट आहे, त्यातली बहुतेक कुटुंबे धर्मश्रद्धेपोटी या वाटेवर आली आहेत. ती आमच्याशी फार चांगली वागतात, पण प्रार्थनेने सुरू होणाऱ्या त्या सकाळींत आम्ही पाहुणेच असतो. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात ओळख करून देताना मुलीला शाळा विचारतात, आणि ‘घरी शिकते’ म्हटले की समोरच्या आईच्या चेहऱ्यावर आधी काळजी येते आणि मग विषय थॉमस जेफरसन या इथल्या नामांकित विज्ञान शाळेच्या प्रवेशाकडे वळतो. परीक्षेच्या दिवशी मुलगी ज्या शाळेत जाते, तिथे ती छातीवर पाहुण्याचा बिल्ला लावते. वर्गातल्या मुलांना शाळेनेच क्रोमबुक दिलेले असते, ते शाळेच्या वायफायला आपोआप जोडले जाते. माझी मुलगी घरचा लॅपटॉप उघडून पाहुण्यांच्या वायफायचा पासवर्ड मागते, आणि ब्लूबुक हे परीक्षेचे अॅप सुरू होईपर्यंत सगळा वर्ग तिच्याकडे बघत असतो. ती याला सरावली आहे. मी सरावलेले नाही. इतकी वर्षे इथे राहून, नागरिकत्व घेऊन, कर भरूनही त्या बिल्ल्याकडे पाहताना मला आत्याचे प्रवेशपत्र आठवते, आणि माझ्या मुलीचा असा बिनविनवणीचा हक्क ज्या व्यवस्थेवर असता, ती व्यवस्था मी मागे सोडून आले आहे, हे टोचत राहते.

म्हणून भावाला माझे सांगणे आहे, की मुलाला घरी शिकवावे, हवी तर एपीही द्यावी, पण त्याआधी मंडळाच्या संकेतस्थळावर या वर्षीच्या १७ नंबरच्या तारखा पाहून तिथेच ऑनलाइन फॉर्म भरावा आणि कागदपत्रे आपल्या भागातल्या संपर्क केंद्रावर, म्हणजे मंडळाने नेमून दिलेल्या शाळेत, द्यावीत. त्याच्याकडे शाळा सोडल्याचा दाखला आहे. त्याची काहीच अडचण नाही. ज्यांच्याकडे तो नाही, त्यांच्यासाठी जन्माचा दाखला आणि पालकांचे प्रतिज्ञापत्र पुरेसे मानावे, असा अर्ज त्याने विभागीय मंडळाकडे करावा. मसुदा मी लिहून पाठवते, सही मात्र त्याने आणि त्याच्याबरोबरच्या पालकांनी करायची आहे, कारण तिथे आता मी मतदार नाही.