घटस्फोट मैत्रिणीकडून ‘लागतो’ म्हणे!

सोसायटीच्या, शाळेच्या बॅचच्या आणि नात्यागोत्याच्या ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. सूर काळजीचा, आशय धमकीचा. त्याचा सारांश असा: घटस्फोट संसर्गजन्य असल्याचं अमेरिकेत सिद्ध झालंय, मैत्रिणीचा झाला की तुमचा होण्याची शक्यता ७५ टक्के. अशा बायका एकत्र आल्या की एकमेकींना फितवतात, नको ते सल्ले देतात आणि चांगले चाललेले संसार मोडतात. चाळिशीनंतर जुळते ती मैत्री नसते, गरज असते. तिला घरी बोलावलंत तर नवऱ्यावर लक्ष ठेवा. आणि काहीही झालं तरी म्हातारपणी नवराच कामाला येतो, मैत्रिणीला कागदोपत्री कोण विचारतं? शेवटी हे सगळं प्रत्येक लेकीसुनेला पाठवण्याची विनंती.

मला यातली बरीच विधानं नुसती चुकीची नाही, उलटी वाटतात. मैत्रिणींमुळे लग्न मोडतं असं हा मजकूर सांगतो. प्रत्यक्षात लग्न मोडतं, त्याबरोबर बाईच्या बऱ्याचशा मैत्रिणी जातात, आणि मग तिला त्या नव्याने जोडाव्या लागतात.

आधी तो पंचाहत्तरचा आकडा घेऊ, कारण तो हवेतला नाही. रोझ मॅकडर्मॉट, जेम्स फाउलर आणि निकोलस क्रिस्टाकिस यांचा शोधनिबंध ‘सोशल फोर्सेस’ या नियतकालिकात २०१३ साली आला, त्यातला तो आहे. माहिती मात्र घटस्फोटासाठी गोळा केलेली नव्हती. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून हृदयविकाराचा दीर्घ अभ्यास चालू आहे, त्याच्या नोंदी संशोधकांनी वापरल्या. त्या नोंदींत मैत्रीचं नाव का होतं? पुढच्या तपासणीच्या वेळी माणूस पत्ता बदलून गेला असेल तर कोणाला विचारायचं, यासाठी लिहून घेतलेलं जवळच्या माणसाचं नाव ते. त्यावर हे अख्खं मैत्रीचं जाळं उभं आहे.

दुसरं म्हणजे ‘शक्यता ७५ टक्के’ आणि ‘शक्यता ७५ टक्क्यांनी जास्त’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. निबंधात दुसरं आहे. समजा एखाद्या काळात शंभरातल्या चार जोडप्यांचा घटस्फोट होणार असेल, तर ज्यांच्या मित्रमैत्रिणीचा झालाय अशा शंभरांत सात जणांचा होईल. उरलेले त्र्याण्णव आपापल्या घरी नांदत असतात. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने ‘नी’ आणि ‘जास्त’ एवढंच गाळलं आणि चारातल्या तिघी घराबाहेर काढल्या!

हे सातसुद्धा मैत्रिणीमुळेच झाले का? इथे खरी मेख आहे. सारख्या परिस्थितीतली माणसं मुळातच एकमेकांना शोधतात. घरात मारहाण सोसणारी बाई दुसऱ्या तशाच बाईशी मोकळं बोलते. पुढे दोघींचे संसार मोडले, तर एकीने दुसरीला ‘लावलं’ असं म्हणायचं, की दोघी आधीच एकाच वाटेवर होत्या असं? या प्रकारच्या आकडेमोडीतून हे दोन्ही वेगळं काढणं फार अवघड असतं. ईथन कोहेन-कोल आणि जेसन फ्लेचर या दोघांनी २००८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये याची गंमतशीर परीक्षा घेतली. मैत्रीतून सवयी पसरतात हे दाखवायला जी पद्धत वापरली जात होती, तीच त्यांनी अमेरिकन किशोरवयीन मुलांच्या माहितीला लावली. निष्कर्ष निघाला की मुरुम, डोकेदुखी आणि उंची या गोष्टीसुद्धा मित्रांकडून पसरतात. उंची! म्हणजे उंच मैत्रीण केली की झालं काम.

आणि मूळ निबंधात जे लिहिलंय ते तर कोणी पुढे पाठवतच नाही. ज्यांचा मित्रपरिवार मोठा त्यांच्यात घटस्फोटाचं प्रमाण कमी, असं त्यात आहे. मित्रमैत्रिणींचे संसार नीट राहावेत याकडे लक्ष दिलं तर आपलाही टिकायला मदत होऊ शकते, असं त्यात आहे. मैत्रीण तोडा, असं कुठेही नाही. ज्या कागदाचा हवाला देऊन हे लोक बायकांना मैत्रिणी कमी करायला सांगतात, तोच कागद त्यांच्या विरुद्ध साक्ष देतो.

आता ‘एकत्र जमल्या की संसार मोडतात’ याकडे वळू. कायद्याकडे नुसतं पाहिलं तरी यातली हवा निघते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब खाली परस्परसंमतीने अर्ज करायचा तरी आधी किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. त्यानंतर सहा महिन्यांची मुदत. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती योग्य प्रकरणात माफ करता येईल असं म्हटलं, तरी अर्ज, समुपदेशन, तारखा चुकत नाहीत. एकाची संमती नसेल तर वर्षांचा हिशेब कोणी करू नये. चहाच्या कपावर मैत्रिणीने कान भरले म्हणून बाई एवढ्या सगळ्यातून जाते, असं ज्याला वाटतं त्याने एक दिवस कौटुंबिक न्यायालयाच्या बाकावर बसून यावं. तिथे डबा वाटून खाणाऱ्या बायका दिसतील. त्यांची ओळख तिथेच झालेली असते, तारखेची वाट पाहताना. क्रम लक्षात घ्या.

आपल्याकडच्या मोडलेल्या लग्नांचं स्वरूपही या मजकुराला माहीत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात घटस्फोटित साडेतेरा लाखांच्या आसपास होते, पण घटस्फोटाविना वेगळे राहणारे ३५ लाखांच्या घरात. दोन्हींत बायकांची संख्या पुरुषांच्या जवळपास दुप्पट. एका लग्नातून एक पुरुष आणि एक बाई बाहेर पडतात, मग हा फरक कुठून आला? मोठं कारण उघड आहे. त्याचं पुन्हा लग्न होतं, तो ‘विवाहित’च्या रकान्यात परत जातो, ती आहे तिथेच राहते. यातल्या कितीतरी जणींनी नवरा सोडलेला नाही. त्यांना टाकलेलं आहे.

अशा बायका महाराष्ट्रात एकत्र आल्याही, तेव्हा त्यांनी काय केलं? १९८८ साली संगमनेरला अ‍ॅड. निशा शिवूरकर आणि समता आंदोलनाने परित्यक्तांची परिषद भरवली. त्या चळवळीतली एक मागणी होती स्वतंत्र रेशनकार्डाची. कारण कार्ड नवऱ्याच्या किंवा भावाच्या घरचं, आणि नाव कुठेच धड नाही. संसार मोडायला जमलेल्या बायकांनी रेशनकार्ड मागितलं, हे कटकारस्थान जरा साधंच म्हणायचं.

मैत्रीण लग्न मोडते की मोडल्यावर हात देते, याचं एक जुनं उदाहरण बघा. रखमाबाईंवर नवऱ्याने नांदायला येण्यासाठी मुंबईत दावा लावला तो १८८४ साली. लग्न अकराव्या वर्षी लागलेलं, त्या कधी सासरी गेलेल्याच नव्हत्या. १८८७ मध्ये कोर्टाने नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात, असा हुकूम दिला. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. आणि मग, कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पेची यांच्या पाठबळावर, १८८९ मध्ये त्या लंडनला वैद्यकीय शिक्षणासाठी गेल्या. १८९४ च्या सुमारास परत येऊन सुरतेत डॉक्टरकी सुरू केली. पेचीबाईंनी लग्न मोडलं नाही. मोडल्यावर पुढचं आयुष्य उभं करायला हात दिला.

एका बाबतीत मात्र मी या मजकुराशी अर्धवट सहमत आहे. मैत्रिणीचा कायदेशीर सल्ला धोक्याचा असतो. ‘मला महिना इतके मिळाले, तूही तेवढेच माग’ हे ऐकून मागणी करणाऱ्या बायका आहेत. पोटगीसाठी दोन्ही बाजूंनी उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, हे २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलंय. आकडा त्या दोन घरांवर ठरतो. मैत्रिणीकडून धीर घ्यावा, सल्ला वकिलाकडून.

चाळिशीनंतर मैत्री होत नाही? होते, वेळ लागतो. कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मांडलेला अंदाज असा की नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला एकत्र घालवलेले सुमारे ५० तास लागतात आणि जिवलग व्हायला दोनशेच्या वर. अमेरिकेतल्या माणसांवरचा अंदाज आहे, ब्रह्मवाक्य नव्हे. पण मुंबईच्या लोकलमध्ये हा हिशेब करून बघा. लेडीज डब्यात रोज एकाच गाडीला, एकाच दाराशी, जाताना एक तास. वर्षभरात दोनशे तास सहज भरतात, तेही रिकाम्या हाताने नाही: भाजी निवडून होते, दसऱ्याला डब्याची पूजा होते, कोणाचं डोहाळजेवण होतं. चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल १९९२ साली सुरू झाली. तिच्यात चढताना कोणी तुमचा विवाहाचा दाखला मागत नाही.

संक्रांतीचं हळदीकुंकू मागतं. तिथे नवऱ्याला सोडलेल्या बाईचं काय करायचं हे यजमानीणबाईंनाच कळत नाही. बोलवावं तर सासूबाई काय म्हणतील, टाळावं तर वाईट दिसतं. मग निरोप उशिरा पोहोचतो. जोडप्याजोडप्यांचे ग्रुप तर पहिल्याच महिन्यात गळतात, कारण त्यातले निम्मे मूळ नवऱ्याचेच मित्र असतात. वर घर बदललं की शेजार जातो. म्हणून नवी माणसं भिशीत, बचत गटात, सकाळच्या फिरण्यात, मुलांच्या क्लासबाहेरच्या कट्ट्यावर सापडतात, जिथे रोज किंवा दर महिन्याला ठरलेल्या वेळी यावंच लागतं. आणि हो, त्यात गरज असते. शाळेत वही मागायला म्हणून जी मैत्री झाली तीही गरजच होती. तेव्हा कोणी तिला खोटी म्हटलं नाही.

नवऱ्यावर लक्ष ठेवण्याच्या सल्ल्याबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही. ज्या घरात पाहुणी आली म्हणून पहारा बसवावा लागतो, तिथला प्रश्न पाहुणीचा नाही. एवढंच विचारते, की बायको सोडलेला मित्र घरी जेवायला येतो तेव्हा हा मजकूर कोणी कोणाला का पाठवत नाही?

राहिला म्हातारपणाचा आणि कागदांचा मुद्दा. इथे फॉरवर्डकर्त्याने अजाणता कामाची जागा दाखवली आहे. बँकेच्या ठेवीला वारस-नोंद, म्हणजे नॉमिनी, कोणाचीही करता येते; मैत्रिणीचीही. (नॉमिनी मालक होत नाही, पैसे हक्कदारांपर्यंत पोहोचवायची जबाबदारी घेतो, हे विसरू नये.) २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मानसिक आजाराच्या उपचारांबाबत आपला प्रतिनिधी म्हणून कोणत्याही सज्ञान, तयार असलेल्या व्यक्तीचं नाव लिहून देता येतं, ती नातेवाईक असायची अट नाही.

खरी धास्ती घ्यायची तर वेगळ्याच गोष्टीची. घटस्फोट न घेता वेगळी राहणारी हिंदू बाई मृत्युपत्र न करता गेली, तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तिच्या स्वकष्टार्जित मालमत्तेवर पहिला हक्क मुलांचा आणि नवऱ्याचा. ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांचा. तिच्या आईवडिलांचा नंबर त्याच्याही नंतर. आईवडिलांकडून वारशाने आलेल्या मालमत्तेपुरता, मूलबाळ नसेल तर, नियम वेगळा आहे. २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे नारायणीदेवींचं प्रकरण आलं. लग्नानंतर लवकरच विधवा झालेल्या, सासरच्यांनी घालवून दिलेल्या, माहेरी शिकून नोकरी केलेल्या. त्यांच्या कमाईचा पैसा त्याच सासरच्या वारसांकडे गेला, कारण मृत्युपत्र नव्हतं.

मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक आहे. साधा कागद, आपली सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. जिच्या नावे काही ठेवायचंय तिलाच साक्षीदार करू नये, पुढचे वाद टळतात. म्हणजे मैत्रिणी किमान तीन हव्यात.